पहिले लग्न टिपल्यानंतर

लग्नाची पहिली ऑर्डर पूर्ण झाली की नव्या छायाचित्रकाराकडे हजार-दोन हजार फोटो जमा होतात आणि त्यांच्याबद्दल त्याच्या कानावर बहुधा एकच शब्द पडतो : ‘छान’. घरचे, मित्रमंडळी, नवरा-नवरी सगळे मनापासून तसे म्हणतात. या कौतुकाने उमेद वाढते. पण पुढच्या लग्नात काय वेगळे करायला हवे, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी फोटो जाणत्या माणसासमोर मांडावे लागतात, नेमके प्रश्न विचारावे लागतात आणि मिळालेली उत्तरे पारखून घ्यावी लागतात. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि दरवर्षी कितीतरी तरुण हात पहिल्यांदा कुणाच्या तरी लग्नात कॅमेरा धरतात. त्यांच्या कामाचा कस पुढे किती वाढतो, हे या पहिल्या फोटोंची झाडाझडती कशी होते यावर बरेच अवलंबून असते.

फोटोत दिसणाऱ्या दोषामागे त्या क्षणी घेतलेला एखादा निर्णय असतो : उभे कुठे राहायचे, कोणती लेन्स लावायची, फ्लॅश मारायचा की नाही, शटर केव्हा दाबायचे. फोटोपासून मागे जात त्या निर्णयापर्यंत पोहोचवतो तोच अभिप्राय कामाचा. ‘नवरीचा चेहरा काळा आलाय’ हे वाक्य दोष सांगून थांबते. ‘नवरीच्या मागे दुपारचे उघडे दार होते, कॅमेऱ्याने त्या उजेडाचा हिशेब धरला, दोन पावले डावीकडे सरकला असतास तर मागे भिंत आली असती’ हे वाक्य पुढच्या लग्नात उपयोगी पडते.

विधी आणि उजेड

लग्नाच्या फोटोंवर बोलणाऱ्याला आणि ते ऐकणाऱ्याला विधींचा क्रम माहीत असावा लागतो, कारण प्रत्येक विधीची अडचण वेगळी असते. जात, प्रदेश आणि घराण्याची रीत यांनुसार फरक पडत असला, तरी महाराष्ट्रातल्या हिंदू लग्नात हळद, देवक, सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टके, कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी, सूनमुख, झाल आणि वरात हे टप्पे साधारणपणे येतात.

हळदीला उजेड भरपूर असतो, पण पिवळा रंग इतका असतो की थोडा जास्त उजेड आत आला तरी गालावरची हळद सपाट पिवळा ठिपका होऊन बसते आणि तिचा ओला, दाणेदार पोत नाहीसा होतो. गौरीहर पुजताना नवरी एकटी असते. पिवळी साडी, समोर मूर्ती, हातात अक्षता, आजूबाजूला आवराआवर चाललेली. दिवसभरात तिच्या वाट्याला आलेला हा बहुधा एकमेव शांत वेळ. पण कार्यालयातली ती खोली लहान असते, वर ट्यूबलाइट आणि कोपऱ्यात बॅगांचा ढीग असतो. मंगलाष्टकांच्या वेळी बोहल्याभोवती गर्दी, वर उचललेले मोबाइल आणि उडणाऱ्या अक्षता असतात. लाजाहोमात धूर येतो. त्यावर समोरून फ्लॅश पडला तर पांढरा पडदा तयार होतो. तोच उजेड बाजूने किंवा मागून आला तर धुराचे वळण दिसते. भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि कानपिळीला नवऱ्याचा कान पिळतो, हे काही सेकंदांत उरकते. हसू त्याहून कमी वेळ टिकते. झालीच्या वेळी वेळूच्या टोपलीत दिवे लावलेले असतात आणि ती वरपक्षाच्या डोक्यांना टेकवत नेतात. तिथे फ्लॅशचा जोर जास्त झाला तर दिव्यांचा उजेडच पुसला जातो. वरातीत रात्र असते, बँडचे दिवे असतात आणि कुणीही एका जागी उभे नसते.

गोरज मुहूर्ताचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. सूर्यास्ताच्या सुमारास लॉनवर लागणाऱ्या लग्नात आकाशाचा निळसर उजेड आणि मंडपातल्या दिव्यांचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर पडतो, आणि अर्ध्या तासात आकाशाचा उजेड संपतो. मंगलाष्टकांच्या आरंभी बरोबर असलेले सेटिंग शेवटच्या अष्टकाला अपुरे पडते.

सगळी लग्ने याच पद्धतीची नसतात. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापलेल्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीत पुरोहिताला स्थान नाही. वधू-वर एकमेकांना वचन देतात, म्हणून तिथे बोलणारा आणि ऐकणारा असे दोन्ही चेहरे महत्त्वाचे. बौद्ध विवाहात त्रिशरण-पंचशील होते आणि वधू-वर अनेकदा पांढऱ्या वस्त्रांत असतात. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे मानून उजेड मोजतो, त्यामुळे पांढरे कपडे मळकट दिसतात. तिथे एक्स्पोजर एखाद स्टॉपने वाढवावे लागते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नात विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर होणाऱ्या सह्या हाच मुख्य विधी, म्हणजे हात, पेन आणि साक्षीदार. वसई किंवा गोव्यातल्या चर्चमध्ये कुठे उभे राहता येईल आणि फ्लॅश चालेल का, हे आधी पाद्रींना विचारूनच ठरते. ज्या पद्धतीचे लग्न असेल, ती जाणणाऱ्या माणसाचा अभिप्राय त्या फोटोंना मिळायला हवा.

पूर्वी शिकणे कसे होई

आपण काढलेले फोटो इतरांसमोर मांडून त्यांवर चर्चा करण्याची रीत आपल्याकडे छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. मुंबईत १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर १८५६ मध्ये निघाल्या. मुंबईच्या संस्थेत युरोपीय सभासदांबरोबर भारतीयही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक. पुढे १९३७ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू झाली आणि गावोगावच्या कॅमेरा क्लबांतही प्रिंट भिंतीला लावून त्यांवर बोलण्याची प्रथा पडली.

लग्नाचे फोटो काढणारे मात्र बहुतेक स्टुडिओत घडले. नवा मुलगा आधी बॅग उचलायचा, मग फ्लॅश धरायचा, रोल भरायचा, डार्करूममध्ये हात काळे करायचा. १२० च्या रोलवर सहा बाय सहाच्या १२ फ्रेम मिळत, पुढे ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६. प्रत्येक फ्रेमला पैसे पडत, म्हणून वाया गेलेली प्रत्येक फ्रेम मालकाच्या नजरेला येई. निगेटिव्ह उजेडासमोर धरून मालक विचारी, ‘इथे का मारलास?’ तो प्रश्न बोचरा असे, पण तो थेट निर्णयावर बोट ठेवी.

डिजिटल कॅमेऱ्याने फ्रेमचा खर्च जवळपास संपवला आणि स्टुडिओतली उमेदवारीही कमी झाली. आज पहिले लग्न अनेकदा मित्राचे किंवा मावसबहिणीचे असते. कॅमेरा स्वतःचा, शिक्षण चित्रफिती पाहून झालेले, आणि निगेटिव्ह उजेडाला धरणारे कुणी नाही. पूर्वी न मागता मिळणारा अभिप्राय आता शोधून, मागून घ्यावा लागतो.

काय दाखवावे

नवशिका सहसा सर्वांत चांगले वीस फोटो निवडतो आणि तेवढेच दाखवतो. त्यात मेंदीचे हात, खिडकीशी उभी नवरी, वरातीतले भुईनळे असतात आणि ते खरोखर चांगले असतात. पण लग्नाचे काम वीस फोटोंवर तोलले जात नाही. कन्यादानाचा एकही धड फोटो नसेल, तर नवरीच्या वडिलांना त्या वीस फोटोंनी समाधान मिळणार नाही.

म्हणून तीन गठ्ठे करावेत. पहिला, घरच्यांना द्यायचे ठरवलेले सगळे फोटो, वेळेच्या क्रमाने. यातून दिवस सांगितला गेला का, कुठे खिंडार पडले, एकाच गोष्टीचे चाळीस फोटो आणि दुसरीचे शून्य असे झाले का, ते दिसते. दुसरा गठ्ठा दोन-तीन विधींचा, ज्यात काढलेली प्रत्येक फ्रेम न गाळता असावी. हललेली, काळी, डोळे मिटलेलीसुद्धा. छायाचित्रकार क्षणाच्या आधी पोहोचतो की नंतर, चुकले हे कळल्यावर जागा बदलतो की तिथूनच शटर मारत राहतो, हे अशा सलग फ्रेममधूनच उमगते. तिसरा गठ्ठा अपयशाचा : जे काढायचे ठरले होते आणि साधले नाही ते.

फोटो संगणकावर प्रक्रिया करण्याआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही दाखवावेत. कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये वेळ, शटर, अपर्चर, आयएसओ आणि लेन्स यांची नोंद ठेवतो. ती पुसू नये. पाहणाऱ्याला त्या नोंदीतून निम्मे निदान तिथेच करता येते.

दाखवण्याआधी परवानगीचा मुद्दा येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार झाला नसेल, तर त्या फोटोंच्या हक्काचा पहिला मालक काम सांगणारा असतो. फोटो काढणाऱ्याला ते वाटेल तसे वापरण्याची मोकळीक आपोआप मिळत नाही. काम ठरवतानाच ‘हे फोटो शिकण्यासाठी आणि नमुना म्हणून दाखवू का?’ असे विचारून लेखी होकार घ्यावा. कायद्यापलीकडेही एक मर्यादा आहे. पाठवणीच्या वेळी रडणारी आई, तयार होत असलेली नवरी, लहान मुले यांचे फोटो त्या घराने विश्वासाने काढू दिलेले असतात. ते चार परक्या माणसांसमोर ठेवताना त्या घराची इच्छा आधी.

कोणाला दाखवावे

अभिप्राय देणारी माणसे वेगवेगळ्या गोष्टी पाहतात आणि प्रत्येकाचा उपयोग निराळा असतो.

घरचे लोक माणसे पाहतात. आजी अल्बम उघडते आणि विचारते, ‘आमच्या विहीणबाई कुठं आहेत यात?’ तिला अपर्चरशी घेणे नाही, पण तिच्या या प्रश्नात लग्नाच्या छायाचित्रणाची सर्वांत मूळ कसोटी आहे. आत्या, मामा, करवली, मानाच्या पंगतीला बसलेल्या विहिणी, लांबून आलेला आजोबांचा मित्र यांतले कोण राहून गेले, हे घरचेच सांगू शकतात. त्यांना ‘फोटो कसे वाटले?’ विचारले तर ‘छान’ येते, ‘कोण राहिले? कोणता फोटो मोठा करून लावाल? कोणता नको वाटतो?’ विचारले की खरी उत्तरे येतात.

अनेक लग्ने टिपलेला छायाचित्रकार जागा आणि वेळ पाहतो. गुरुजींच्या कोणत्या बाजूला उभे राहिले तर दोघांचे चेहरे मिळतात, व्हिडिओवाल्याशी आधी काय ठरवायचे, स्टेजवर रांग लागली असताना जेवायला केव्हा जायचे, हे ज्ञान त्याच्याकडेच असते. त्याच गावात काम करणाऱ्याला नवा माणूस उद्याचा स्पर्धक वाटू शकतो. त्यामुळे दुसऱ्या शहरातला जाणकार किंवा ज्याच्या हाताखाली काम केले तो, अशांशी मोकळेपणाने बोलता येते.

वृत्तपत्रात छायाचित्रण केलेला माणूस एका फ्रेममध्ये गोष्ट सांगितली गेली का, ते पाहतो. अल्बम डिझाइन करणारा आणखी वेगळे पाहतो. त्याला दोन पानांवर पसरता येईल असा रुंद फोटो हवा असतो, मधल्या घडीत चेहरा नको असतो, आणि फोटोत मजकुरासाठी किंवा श्वास घेण्यासाठी थोडी मोकळी जागा हवी असते. सगळे फोटो जवळून घेतलेले असतील तर अल्बम गुदमरतो, हे त्याच्याइतके चांगले कुणालाच कळत नाही. लग्न लावणाऱ्या गुरुजींनाही विचारावे. कोणत्या विधीचा नेमका क्षण कोणता आणि कुठे छायाचित्रकाराची लुडबुड झाली, हे ते स्पष्ट सांगतात.

कसे विचारावे

‘बघा आणि सांगा’ एवढेच म्हटले तर समोरचा पहिल्या दहा फोटोंवर बोलतो आणि दमतो. प्रश्न बांधून घ्यावेत. ‘मंगलाष्टकांच्या मालिकेत मी कुठे उभा राहायला हवा होतो?’ ‘या सहा फोटोंत चेहऱ्यांचे रंग वेगवेगळे का आले?’ ‘हे दोनशे फोटो दीडशे करायचे तर कोणते काढाल?’ शेवटचा प्रश्न फार शिकवतो, कारण जाणकार एखादा फोटो का काढून टाकतो ते सांगताना त्याची सगळी पारख उघड होते.

चित्र वाचण्याच्या काही रूढ रीती इथे उपयोगी पडतात. अमेरिकी कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांनी कलाकृतीच्या समीक्षेचे चार टप्पे मांडले : वर्णन, विश्लेषण, अर्थनिरूपण आणि शेवटी मूल्यमापन. म्हणजे फोटोत काय आहे ते आधी सांगायचे, मग रेषा, उजेड, अंतर यांची जुळणी पाहायची, मग फोटो काय म्हणतो ते, आणि बरे-वाईट सर्वांत शेवटी. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये वेगळी पद्धत घडवली. तीत पाहणारे प्रथम आपल्याला काय भिडले ते सांगतात, मग कलावंत प्रश्न विचारतो, मग पाहणारे आपले मत लपेटलेले नसलेले प्रश्न विचारतात, आणि मत सांगायचे तर आधी कलावंताची परवानगी घेतात. पहिल्या लग्नाच्या फोटोंसाठी ही पद्धत विशेष योग्य, कारण छायाचित्रकाराला त्या दिवशीची परिस्थिती सांगायची संधी मिळते आणि त्याचबरोबर प्रत्येक दोषाला सबब जोडायची सवय लागत नाही.

ऐकताना वहीत लिहून घ्यावे आणि मध्ये बचाव करू नये. ‘तिथे फार गर्दी होती’ हे खरे असते. पण पुढच्या लग्नातही गर्दी असणारच.

अंतरपाटाच्या नऊ फ्रेम

अभिप्राय निर्णयापर्यंत कसा पोहोचतो, हे एका मालिकेवरून पाहता येईल. समजा, अंतरपाट दूर होतानाच्या सलग नऊ फ्रेम टेबलावर आहेत. पहिल्या तीनमध्ये पाट ताठ धरलेला आहे, त्यावरचे कुंकवाचे स्वस्तिक स्पष्ट आहे, नवरीची नजर खाली, मागे मामा. चौथीत पाट सैल पडतो आणि त्याच्या कडेवर नवऱ्याचा फेटा दिसतो. पाचवीत पाट अर्धा ओढला गेला आहे, पण डावीकडून पाहुण्याचा मोबाइल धरलेला हात आत आला आहे. सहावीत नवरीने नजर वर केली आहे. तीच हलली आहे. सातवीत हार वर उचलले आहेत. आठवी काळी आहे. नववीत दोघे हार घालून कॅमेऱ्याकडे पाहत हसताहेत. छायाचित्रकाराने अल्बमसाठी नववी निवडली, कारण ती स्वच्छ आहे.

जाणकार सहावीवर बोट ठेवतो. मुंडावळ्यांच्या मागून वर आलेले ते डोळे हाच या विधीचा क्षण. नववी दिवसभरात कधीही मिळाली असती. सहावी हलली, कारण शटर १/६० सेकंद होते. शटर इतके मंद, कारण आयएसओ ८०० वर ठेवला होता, आणि तो ८०० वर, कारण वाढवला तर फोटोत दाणे येतील ही भीती होती. आयएसओ ३२०० केला असता तर तितक्याच अपर्चरला चौपट वेग, म्हणजे जवळपास १/२५० सेकंद मिळाला असता. थोडे दाणे असलेला स्पष्ट फोटो घरच्यांना चालतो. हललेले डोळे कुठल्याही प्रक्रियेने परत येत नाहीत. आठवी फ्रेम काळी पडण्याचे मूळही तिथेच आहे. फ्लॅश उंच छताला आपटवून मारला जात होता, आयएसओ कमी असल्याने त्याला दर वेळी पूर्ण ताकद लावावी लागत होती, आणि पुन्हा भरायला लागणाऱ्या दोन-तीन सेकंदांत शटर दाबले गेले. आयएसओ वाढवला असता तर फ्लॅशवरचा भारही हलका झाला असता.

पाचवीतला हात मात्र आयएसओने जाणार नाही. त्यासाठी मंगलाष्टके सुरू होण्याआधी गुरुजींजवळ जाऊन ‘पाट कोणत्या बाजूला काढणार?’ असे विचारायला हवे होते, आणि शेवटच्या अष्टकाला गुडघ्यावर बसून एक पाऊल आत जायला हवे होते. नऊ फ्रेमच्या या वाचनातून तीन सूचना हाती येतात : आयएसओ वाढव, गुरुजींशी आधी बोल, खाली बसून आत जा. पुढच्या लग्नात तिन्ही पाळता येतात.

पुन्हापुन्हा येणारे शेरे

पहिल्या लग्नांच्या फोटोंवर काही शेरे हमखास येतात आणि प्रत्येकाला ठरलेली कारणे असतात.

फोटोत आडवे पट्टे येणे हा एलईडी दिव्यांचा परिणाम. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होऊ शकतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवले की पूर्ण चक्रे पकडली जातात आणि पट्टे सहसा जातात. हालचाल थांबवण्यासाठी वेगवान शटर हवेच असेल, तर फ्लॅशचा आधार घ्यावा किंवा दिवे बदलतील अशी जागा शोधावी. स्टेजमागच्या एलईडी पडद्यांची लय वेगळी असते. तिथे आधी दोन-चार चाचणी फोटो घेऊन पाहणे हाच उपाय.

‘रंग बिघडलेत’ हा शेरा मंडपाच्या कापडावरून येतो. लाल-पिवळ्या कनातीतून गाळून आलेला उजेड सगळ्या चेहऱ्यांवर तोच रंग चढवतो. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण ३२०० केल्व्हिनचा आणि दुपारचा उजेड ५५०० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की एकाला बरोबर करताना दुसरा बिघडतो. अशा वेळी एक उजेड निवडून माणसांना त्या बाजूला वळवणे, आणि फोटो रॉ फाइलमध्ये काढणे, हे दोन मार्ग.

सूनमुखाचे फोटो बहुतेकांचे पहिल्यांदा फसतात. सासू सुनेचा चेहरा आरशात पाहते, छायाचित्रकार आरशावर फोकस करतो आणि आरशाची चौकट स्पष्ट, चेहरा धूसर येतो. प्रतिबिंबासाठी फोकसचे अंतर कॅमेऱ्यापासून आरशापर्यंत आणि तिथून चेहऱ्यापर्यंत असे मिळून धरावे लागते; म्हणून फोकसचा ठिपका आरशातल्या डोळ्यावर ठेवायचा. फ्लॅश समोरून मारला तर आरशात पांढरा डाग येतो आणि उभे राहण्याची जागा चुकली तर स्वतः छायाचित्रकारही आरशात येतो. जरा बाजूला सरकले की दोन्ही अडचणी सुटतात.

कुटुंबांच्या ग्रुप फोटोंना नवे छायाचित्रकार कमी लेखतात आणि अभिप्रायात तिथेच मार खातात. मागच्या रांगेतला चेहरा झाकलेला, कडेचा माणूस लेन्सने ताणलेला, कुणाचे तरी डोळे मिटलेले. वीस वर्षांनी अल्बममध्ये सर्वांत जास्त पाहिले जातात ते हेच फोटो, कारण त्यात नंतर न राहिलेली माणसे असतात. रुंद लेन्सने कडेला माणसे ठेवू नयेत, अपर्चर एफ ५.६ च्या आसपास ठेवून दोन्ही रांगा स्पष्ट घ्याव्यात, आणि प्रत्येक ग्रुपच्या किमान तीन फ्रेम माराव्यात.

आणखी एक शेरा द्यायला अनेक जण कचरतात, तो द्यायलाच हवा. तो आहे नवरीचा रंग उजळ करण्याबद्दल. सावळी मुलगी अल्बममध्ये गोरी करून दिली जाते, आणि तसे करताना शालूचा गडद रंग, हिरव्या चुड्याची चमक आणि हळदीची ऊबही फिकी पडते. तिचा चेहरा तिच्या आईशी, बहिणीशी जुळेनासा होतो. त्वचेचा खरा रंग धरून, त्यावर मऊ उजेड पाडून सुंदर फोटो काढणे हेच कौशल्य. ते साधले आहे का, हे अभिप्राय देणाऱ्याने प्रत्येक वेळी पाहावे, आणि घरच्यांनी ‘जरा उजळ करा’ म्हटले तर त्यांना मूळ रंगाचा चांगला प्रिंट दाखवावा.

काय घ्यावे, काय सोडावे

चार माणसांकडून अभिप्राय घेतला की तो परस्परविरोधी निघतो. एक म्हणतो नैसर्गिक क्षण जास्त हवेत, दुसरा म्हणतो स्टेजवरचे फोटो कमी पडले. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण दोघे वेगवेगळ्या गरजा सांगत असतात. अशा वेळी शेऱ्यांची तीन भागांत वाटणी करावी. चूक म्हणजे चूकच असलेल्या गोष्टी, जसे हललेला फोटो किंवा राहून गेलेले मंगळसूत्र, लगेच दुरुस्त करायच्या. घराच्या गरजेच्या गोष्टी पुढच्या वेळी आधीच विचारून घ्यायच्या : कोणाकोणाचे ग्रुप हवेत, कोणता विधी त्या घरात महत्त्वाचा, कोणते नाते नाजूक आहे. उरते ती आवड. कुणाला काळे-पांढरे फोटो भावतात, कुणाला भडक रंग. आवडीचा शेरा एकाच माणसाकडून आला तर नुसता नोंदवावा. तीन वेगवेगळ्या माणसांनी तेच सांगितले तर थांबून विचार करावा.

दोष सांगितले गेले तसे जमलेलेही नेमके सांगितले जावे, हा अभिप्राय मागणाऱ्याचा हक्क आहे. गौरीहराच्या खोलीत ट्यूबलाइट बंद करून खिडकीच्या उजेडात फोटो घेतला असेल, तर ‘हा चांगला आहे’ याऐवजी ‘दिवा बंद करण्याचा निर्णय चांगला होता’ असे ऐकायला मिळाले पाहिजे. तेव्हाच तो निर्णय पुन्हा घेतला जातो.

मिळालेल्या सूचनांतून दुसऱ्या लग्नासाठी एक पान तयार करावे. त्यात विधीनुसार उभे राहायची जागा, सुरुवातीचे सेटिंग, घरच्यांकडून घेतलेली माणसांची यादी आणि गुरुजींना विचारायचे प्रश्न असावेत. सुधारणा एका वेळी तीन-चारच घ्याव्यात. वीस घेतल्या तर मंडपात एकही आठवत नाही. शक्य असेल तर दुसरे लग्न जाणकाराचा सहायक म्हणून करावे, म्हणजे मुख्य फोटोंची जबाबदारी त्याच्यावर राहते आणि नव्याला नव्या जागा आजमावता येतात. दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणे आणि त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवणे ही शिस्तही याच पानावर हवी, कारण हरवलेल्या फोटोंवर कुणाचाच अभिप्राय मिळू शकत नाही.

दुसऱ्या लग्नानंतर दोन्ही लग्नांतली एकाच विधीची मालिका शेजारी-शेजारी ठेवून त्याच जाणकाराला दाखवावी. पहिल्या वेळी सांगितलेला दोष गेला का, त्याच्या जागी नवा आला का, हे तिथे लगेच समजते. तोच दोष पुन्हा दिसला तर सूचना नीट कळली नव्हती असे मानून प्रश्न नव्याने विचारावा. दोष गेला असेल तर ती सूचना पानावरून काढून पुढची घ्यावी. एकेका विधीवर या रीतीने काम होत गेले की काही लग्नांत छायाचित्रकाराला फ्रेम मारण्याआधीच तिच्यातला संभाव्य दोष दिसू लागतो, आणि घरच्यांनाही त्यांच्या दिवसाचा पूर्ण, खरा अल्बम मिळतो.